पौषात येऊन मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अलकापुरीच्या एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. आपल्या बडोद्यात रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंत पायी जाणं कसं मुश्कील झालंय, फूटपाथ चालणाऱ्यांसाठी असतो की पाथरणं टाकणाऱ्यांसाठी, असा त्यांचा सवाल होता. तिथवर माझी काही हरकत नाही. माझेच गुडघे गेलेत. लारीला, म्हणजे हातगाडीला, वळसा घालायला भर रहदारीत उतरावं लागलं की मलाही चार शब्द सुचतात. पण पुढे ते लिहितात की हातानं दागिने, चित्रं, खेळणी करणारे जे ‘खरे कलाकार’ आहेत त्यांनी हॉलमधल्या प्रदर्शनात बसावं, रस्त्यावर बसून कलेची अप्रतिष्ठा करू नये. हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. कारण त्यांनी जिच्याबद्दल लिहिलंय ती मीच. दांडिया बाजारात राहते, संक्रांतीच्या आधी हलव्याचे दागिने करते आणि फूटपाथवर पाथरणं टाकून विकते.

प्रदर्शनाचा सल्ला मला नवा नाही. देणारे पुष्कळ भेटतात, आणि एकदा मी तो ऐकलाही होता. स्टॉलचं भाडं दिवसाला दोन हजार. वर टेबलाचे वेगळे, दिव्याचे वेगळे. माझा सुनेचा पूर्ण संच, म्हणजे मंगळसूत्र, हार, बाजूबंद, बांगड्या, नथ, कानातले, कंबरपट्टा आणि मुकुट, सातशेला जातो. बोरन्हाणाचा लहान संच साडेतीनशेला. साखर, दोरा, जरी, पुठ्ठा, गॅस हे सगळं वजा केलं तर मोठ्या संचामागे तीनशेच्या आसपास सुटतात. म्हणजे नुसतं भाडं फेडायला दिवसाला सहा-सात मोठे संच खपायला हवेत. तेवढे खपले तरी मी आणणार कुठून? दिवसभर बसून माझ्या हातून एक होतो, पाहुणे आले तर तोही नाही. हॉलचा हिशेब ठोक माल आणून मांडणाऱ्याला परवडतो, स्वतः करणाऱ्याला परवडत नाही. त्या प्रदर्शनात माझ्या दोन्ही बाजूंना मुंबईहून पेट्या भरून आणलेले खोटे दागिने होते, आणि आयोजकांच्या फलकावर मात्र ‘हस्तकला’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं.

शिवाय हलव्याचे दागिने कोण घेतं ते बघा. ज्या सासूबाईंना भोगीच्या आदल्या संध्याकाळी आठवतं की अगंबाई, सुनेची पहिली संक्रांत, त्या हॉल शोधत जात नाहीत. त्या वाणाच्या वस्तू, सुगडी, तीळ, बोरं घ्यायला बाजारात येतात आणि तिथेच मी दिसते. बाळाची आई बाळालाच कडेवर घेऊन येते. तेही बरंच, कारण बाळाच्या मनगटाचं माप काही फोनवर कळत नाही. मागे एक वर्षाचं गुटगुटीत पोर आलं होतं, त्याला बाजूबंद होईना. तिथल्या तिथे मी दोन गाठी सोडल्या, दोरा वाढवला, पुन्हा बांधला. तेवढ्यात त्यानं मुकुटातला एक दाणा उपटून तोंडात टाकलासुद्धा. आई ओरडली. मी म्हटलं, अगं खाऊ दे, साखरच आहे ती. गुजराती बायका थांबतात, खाली वाकून विचारतात, ‘मासी, आ खवाय?’ म्हणजे मावशी, हे खाता येतं का? हो म्हटलं की त्यांना पटत नाही, एक दाणा हातावर ठेवावा लागतो. त्यातल्या कित्येकींनी नातवंडांच्या फोटोसाठी संच नेलेत. त्यांच्याकडे ही रीत नाही, पण काळ्या झबल्यावर पांढरा मुकुट कुणाला आवडणार नाही?

आता ‘कला’ या शब्दावरून त्या गृहस्थांना माझं एक सांगणं आहे. वाचकांपैकी ज्यांना जुनं बडोदं आठवतं त्यांना फाइन आर्ट्स कॉलेजचा मेळा आठवत असेल. साठच्या दशकात सुरू झालेला. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे चित्रकार, त्यांचे सहकारी, विद्यार्थी स्वतः खेळणी, दागिने, कसल्या कसल्या गमती करून मांडायचे आणि गाव लोटायचं. मी वडिलांचं बोट धरून गेले आहे. तिथे काही काचेच्या पेट्या नव्हत्या. उघड्यावर मांडलेलं, हातात घेऊन बघायचं, चार-आठ आण्यांपासून वस्तू. त्यानं कुणाची अप्रतिष्ठा झाली नाही, उलट ज्यांच्या घरी त्यातलं एखादं खेळणं टिकलं असेल ते आज जपून ठेवत असतील. आणखी मागे जायचं तर १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं ते हाताचं कौशल्य आणि पोट यांची सांगड घालायलाच. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. महाराणी चिमणाबाईंच्या नावाचं स्त्री उद्योगालय १९१४ पासून आहे. म्हणजे बायकांनी घरी केलेली वस्तू बाजारात यावी ही कल्पना या गावात माझ्या सासूबाईंच्या जन्माआधीची. खंडेराव महाराजांनी १८६५च्या सुमारास बसऱ्याच्या बारीक मोत्यांची चादर करवली, मदिनेला पाठवण्यासाठी. ती तिथे गेलीच नाही आणि २००९ साली दोह्याला लिलावात कित्येक कोटींना विकली गेली. त्या चादरीचा आपण अजून अभिमान सांगतो. सांगावा. पण मोती ओवणारे कारागीरही कुठेतरी जमिनीवर बसूनच ओवत असणार ना?

असो. मला मुख्य बोलायचंय ते रस्त्यावर विकणाऱ्यांच्या सरकारी मोजणीबद्दल, आणि त्यासाठी हलवा कसा होतो ते थोडं सांगावं लागेल.

हलवा थंडीतच होतो. पहाटे उठायचं, मंद आचेवर तवा, तव्यावर परात. परातीत साबुदाणा, नाहीतर खसखस, बडीशेप, लवंगसुद्धा. पाक एकतारीच्या अलीकडचा, दूध घालून मळी काढलेला. एक चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं, सुकले की पुढचा चमचा. पाक एकदम जास्त पडला की सगळे दाणे एकमेकांना धरतात. बोटांची टोकं पहिल्या दोन दिवसांत पोळून निबर होतात, मग काही वाटत नाही. आभाळ आलं की दाण्यांवर काटा येत नाही, दाणे नुसते गुळगुळीत होऊन बसतात. बडोद्याची थंडी ती काय, पुण्याची माझी नणंद हसते. पण उत्तरेचा कोरडा वारा सुटला की दोन दिवसांत काटा उभा राहतो. म्हणजे गेंडीगेटचे पतंगवाले ज्या वाऱ्याची वाट बघतात त्याच वाऱ्याची मीही बघते.

मग गुंफणं. हलव्याला भोक पाडता येत नाही, दाणा फुटतो. म्हणून दोऱ्याचा फास करायचा, त्यात दाणा धरायचा, गाठ आवळायची. पुन्हा फास, पुन्हा दाणा. जास्त आवळली तर काटा मोडतो, सैल राहिली तर हळदीकुंकवाच्या ऐन वेळी हाराचे दाणे सुनेच्या ओटीत. मंगळसूत्राला मधे मधे काळे मणी, वाट्यांच्या जागी मोठे दाणे. मुकुट आणि कंबरपट्टा पुठ्ठ्यावर, कडेला जर. जावयासाठी हार, गुच्छ, नारळ, हातात घड्याळ. हल्ली हलव्याचा मोबाईलही मागतात, तोही करून देते. हे सगळं झालं की मुंग्यांपासून राखायचं. आमच्या घरी त्या दिवसांत डब्यांच्या खाली पाण्याच्या ताटल्या असतात, आणि नातवाला त्या खोलीत यायची बंदी असते.

हे सगळं मार्गशीर्ष संपता संपता सुरू होतं आणि रथसप्तमीला संपतं, कारण बोरन्हाणं तोवर चालतात. त्यानंतर कुणी हलव्याच्या दागिन्याकडे ढुंकून बघत नाही. मग माझं फॉल-पिकोचं मशीन. श्रावण लागला की गौरीचे दागिने, वस्त्रमाळा, तेवढ्यासाठी पुन्हा पाथरणं. वर्षातले सगळे मिळून दोन-अडीच महिने मी रस्त्यावर असते, बाकी घरात.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या तोंडावर रस्त्यावरचा माल उचलणारी गाडी आली. कुठल्या खात्याची, कुणाची, ते लिहीत नाही. मला माणसांशी भांडायचं नाही, ती हुकमाची ताबेदार. लारी-गल्ल्यावाले पळाले. मला पळता येत नाही, गुडघे मी आधीच सांगितलेत. संच भरलेली पिशवी, पाथरणं, छत्री, स्टूल, सगळं उचललं. बाजूला पतंग-फिरक्यांचा मांडव होता, तो तसाच राहिला. त्याला हात लागावा असं मला वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही, पण माझ्या मनात आलं की तोही माझ्यासारखाच पंधरा-वीस दिवसांचा पाहुणा. त्याचा सण सगळ्या गावाचा म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. माझा सण दांडिया बाजारातल्या मराठी घरांपुरता.

दुसऱ्या दिवशी सामान सोडवायला गेले. तिथल्या भाईंनी पावती दाखवली. तिच्यावर लिहिलेलं: ‘इमिटेशन ज्वेलरी, थेली १’. मी म्हटलं, भाई, हे खाण्याचं आहे, लवकर द्या, दमट हवेत पाणी सुटेल. ते म्हणाले, बेन, दागिने आहेत असं तुम्हीच सांगता आणि खाण्याचं आहे असंही तुम्हीच सांगता. सुदैवानं माझ्या पर्समध्ये कागदाच्या पुडीत थोडा हलवा होता. पुडी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी खाल्ला, शेजारच्या दोघांनाही दिला, ‘सरस छे’ म्हणाले, पण पावतीवर लिहिलं ते लिहिलं. पिशवी मिळाली तेव्हा आकाशात पतंगही उरले नव्हते. लोखंडी घोड्यांच्या ढिगाखाली होती. मुकुट चेपलेले, दाणे पाझरून एकमेकांना चिकटलेले, आणि मुंग्या. त्यातून बोरन्हाणाचे मोजके संच नीट निघाले, तेवढे रथसप्तमीपर्यंत विकले.

माझा भाचा वकिली करतो. त्यानं पथविक्रेत्यांच्या कायद्याची प्रत आणून दिली आणि समजावून सांगितलं. २०१४चा कायदा. जप्त केलेल्या मालाची यादी करून तिची प्रत विक्रेत्याला द्यायची असं त्यात आहे. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी परत करायचा, नाशवंत नसेल तर कामकाजाच्या दोन दिवसांत. विक्रेत्यांची मोजणी पूर्ण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. दुसरीकडे हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस. हे सगळं वाचून मला आधी बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं, कारण कागदावर माझ्यासाठी एवढं सगळं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. भाचा म्हणाला, मावशी, थांब, पुढे वाच.

पुढे असं की हे संरक्षण ज्याची मोजणीत नोंद झाली त्याच्या कामाचं. मोजणी निदान पाच वर्षांतून एकदा व्हायची. मोजणारे येतात त्या दिवशी जो जागेवर दिसेल तो विक्रेता. आता ते वैशाखात आले, आषाढात आले, तर माझ्या जागेवर त्यांना काय दिसणार? एखादी स्कूटर. मी घरात कुणाच्या तरी साडीला फॉल लावत असणार. आणि प्रमाणपत्रासाठी जी हमी लिहून द्यायची तिच्यात एक कलम आहे: माझ्याकडे उपजीविकेचं दुसरं साधन नाही. आता मी काय लिहू? फॉल-पिको करते हे खरं आहे. नाही करत असं लिहिलं तर खोटं. करते असं लिहिलं तर विक्रेती नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोज त्याच कोपऱ्यावर उभी राहणारी भाजीची लारी होती, आणि ती असायलाच हवी होती, त्या बाया तर किती वर्षं लढल्या. अहमदाबादच्या माणेकचौकातल्या भाजीवाल्यांसाठी ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं सुप्रीम कोर्टापर्यंत धाव घेतली तेव्हा कुठे हे दिवस आले. पण सणापुरता बाजारात येणारा हातकारागीर त्या चित्रात बसत नाही.

आणि असे आम्ही थोडेथोडके नाही. माझ्या शेजारी दिवाळीत फाइन आर्ट्सची एक मुलगी बसते, टेराकोटाचे कानातले करते, कॉलेज संपलं, नोकरी लागेपर्यंत हे चाललंय. छोटाउदेपूरकडचा एक राठवा आदिवासी मुलगा लाकडी पट्ट्यांवर त्यांच्या पिठोरा चित्रांतले घोडे रंगवून आणतो. पिकांची कामं उरकली की येतो, पेरणीला परत जातो. खंभातचे एक चाचा अकीकाचे मणी घेऊन येतात. दगड रतनपूरचा, उन्हात सुकवायचा, मडक्यात घालून भाजायचा, तेव्हा तो पिवळटाचा तांबडा होतो. हे मला त्यांनीच सांगितलं, एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा. नवरात्रीच्या आधी ते मणी ओवून माळा करणाऱ्या दोन बहिणी आहेत, त्या एरवी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. राख्या, दिवे, शाडूचे गणपती, प्रत्येकाचा आपापला महिना. यातल्या कुणालाही ठरलेल्या मोजणीच्या दिवशी गाठाल याचा नेम नाही. आणि सगळ्यांनाच ‘दुसरं साधन’ आहे, असणारच. हातकाम करून बारा महिने पोट भरतं असा माणूस मला तरी माझ्या फूटपाथवर भेटलेला नाही.

नोंद नाही म्हटल्यावर पुढचं सगळंच नाही. शहरातल्या विक्रेत्यांचं ठरवणाऱ्या टाउन वेंडिंग कमिटीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायला हवेत आणि त्यांच्यातल्या एक तृतीयांश बायका. उत्तम आहे. पण मत देणार कोण? ज्यांची नोंद आहे ते. पथविक्रेत्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचं पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, आता पंधरा झालंय. मला साखर, जर आणि पुठ्ठा घ्यायला तेवढं खूप. पण त्यालाही प्रमाणपत्र किंवा निदान शिफारसपत्र लागतं. मग मी कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेकडे वळले, २०२३ मध्ये आलेली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत. सोनार आहे, कुंभार आहे, बाहुल्या-खेळणी करणारा आहे, ‘मालाकार’ आहे. भाचा म्हणाला, मावशी, तू हार तर गुंफतेस, मालाकारात बसवू तुला. मी म्हटलं, फुलं कुठली म्हणून विचारलं तर काय दाखवू, साबुदाणा? बराच वेळ हसलो आम्ही. अर्ज केला नाही.

जागा कमी आहे, सगळ्यांना कुठे बसवणार, असं म्हणणारे म्हणतील. कायद्यानं शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांची सोय करायची आहे. २०११च्या जनगणनेत बडोदं साडेसोळा लाखांच्या वर होतं. त्याचे अडीच टक्के म्हणजे चाळीस हजारांहून जास्त होतात, आणि त्यानंतर शहर केवढं वाढलं ते सगळे बघतातच. तरी मी त्या आकड्यावर बोट ठेवून बसत नाही. सुप्रीम कोर्टानं १९८९ साली सोदन सिंग खटल्यात सांगितलं की रस्त्यावर विक्री करणं हा व्यवसायाच्या मूलभूत हक्कात येतो, पण अमुकच जागा माझी असं कुणी म्हणू शकत नाही. मला ते मान्य आहे. मला तर जागा कायमची नकोच आहे. रथसप्तमीनंतर माझ्या दोन हातांच्या तुकड्यावर कुल्फीवाला बसला काय आणि स्कूटर लागली काय, मला काय त्याचं? पतंगवाल्याचा मांडव निघाला की तिथे पिचकाऱ्या येतात, मग उन्हाळ्यात माठ येतात. बाजार स्वतःच पाळी लावून घेतो. तीच पाळी कागदावर यावी एवढंच म्हणणं.

म्हणून टाउन वेंडिंग कमिटीला माझी विनंती अशी, आणि ती मी एकटीची नाही. मोजणी एकाच दमात उरकू नका. एक फेरी नवरात्रीच्या आधी, एक दिवाळीच्या आठवड्यात आणि एक पौषात मारा. कायद्यात दोन मोजण्यांच्या मधल्या काळातही प्रमाणपत्र देता येतं, तर मग हंगामी प्रमाणपत्र द्या, महिन्यांची नावं घालून: अमुक बाई, पौष आणि माघ, हलव्याचे दागिने, एवढी जागा. फी घ्या, आम्ही भरू. ‘दुसरं साधन नाही’ ही हमी हंगामी माणसाकडून घेऊ नका. ते आपल्या हातात नसेल तर वरती लिहून पाठवा, निदान कुणीतरी लिहिलं असं होईल. आणि जप्तीच्या पावतीवर माल काय आहे ते मालकाला विचारून लिहा. नाशवंत म्हणजे फक्त भाजी आणि मासळी नव्हे. हलवा आहे, वस्त्रमाळेचा ओला रंग आहे, आणि राखीसुद्धा आहे. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी राखी कुणाला हवी असते?

गिऱ्हाइकांनाही एक सांगायचं आहे, रागावू नका. हल्ली पांढऱ्या थर्मोकोलच्या गोळ्या चिकटवून केलेले संच घरपोच येतात. फोटोत ओळखू येत नाहीत. ते अडीचशेला मिळतात, मग तुमचा सातशे का, असं विचारतात. विचारायला हरकत नाही. पण बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले की सगळी पोरं लुटायला धावतात, आणि बाळाच्या अंगावरचे दागिनेही तोडून खातात, ती तर गंमत आहे. तिथे थर्मोकोल नको. बाकी पन्नास रुपयांची घासाघीस चालते, मला तिची सवय आहे, किंबहुना घासाघीस न करता पैसे देणारं गिऱ्हाईक आलं की मलाच चुकल्यासारखं होतं.

आम्ही बायकांनी एका वहीत नावं लिहायला घेतली आहेत: कोण काय करते, कुठे बसते, कोणत्या महिन्यात. राठवा मुलगा आणि खंभातचे चाचा यांचीही नावं त्यात आहेत. या महिनाअखेर अर्जासोबत ती वही जोडून द्यायची आहे. अर्जात एक अट आम्हीच आमच्यावर घातली आहे: भिंतीला लागून बसायचं, पाथरणं दोन हातांच्या पुढे नाही, आणि पुढून दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी वाट मोकळी ठेवायची. अलकापुरीच्या त्या ज्येष्ठ वाचकांनी त्या अर्जावर सही केली तर मला मनापासून आनंद होईल. अट त्यांच्याच पत्रावरून सुचली आहे.

आपली,
हलव्याचे दागिने करणारी एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे

(नाव छापू नये ही विनंती. गल्लीतल्यांना कळायचं ते कळेलच.)